पाठीवरचं इंजिन

मित्रांनो, आज मला जरा चिडायचं आहे. तुमच्यावर नाही हं! काही यंत्रांवर. म्हणजे नीट सांगायचं तर यंत्रांवरही नाही, पण ते पुढं ओघानं येईलच.

आमचं भोकर काही फार मोठं गाव नाही. नांदेडहून पन्नासेक किलोमीटर, आणि आणखी थोडं पुढं गेलं की तेलंगणाची हद्द. नकाशात पटकन सापडलं नाही, तर मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वेची रेघ धरा, त्या रेघेवर आहे. (भोकर नावाचं एक झाडही असतं. त्याच्या कच्च्या फळांचं लोणचं झकास होतं, आणि पिकल्या फळांचा चिक डिंकासारखा वापरता येतो. आमच्या लहानपणी निम्मे पतंग त्याच चिकावर उडायचे.) अशा गावात कसली आली कटकट, असं तुम्हांला वाटेल. तर एक करा. तुमच्या गावात संध्याकाळी दहा मिनिटं ओट्यावर डोळे मिटून बसा आणि कानावर पडणारी यंत्रं मोजा. माझ्या मोजणीत परवा अकरा निघाली. त्यांतली चार तर मला आवडतात!

पिठाची गिरणीच घ्या ना. डिझेलवर चालायची तेव्हा तिचं कुक्-कुक् अर्ध्या गावाला ऐकू यायचं. पण घरी जातं असेल तर ते एकदा ओढून बघा, म्हणजे कळेल की गिरणीनं केवढं काम हलकं केलं. भल्या पहाटे उठून पायलीभर ज्वारी दळायची, मग पाणी भरायचं, मग रानात जायचं. हे आपल्या आज्यांनी केलंय. गिरणीचा आवाज त्यांना काही कर्कश वाटला नसेल. म्हणून यंत्र म्हटलं की नाक मुरडायचं, हे मला काही पटत नाही. मी प्रत्येक यंत्राला तीन गोष्टी विचारतो. बाबा रे, तू काम किती केलंस? इंधन किती खाल्लंस? आणि तुझा धूर नि आवाज कोणाच्या वाट्याला आला? गिरणी या परीक्षेत पास होते. काही यंत्रं मात्र साफ नापास होतात.

जनरेटर बघा. २००५ नंतरची काही वर्षं आपल्या महाराष्ट्रात लोडशेडिंगचा कहर होता. खेड्यापाड्यांत दिवसाचे दहा-दहा तास वीज नसायची. वीज गेली रे गेली, की बाजारात प्रत्येक दुकानापुढं पायरीवर ठेवलेलं एकेक लहान जनरेटर दोरी ओढून सुरू व्हायचं. भर्रर्र! एका दुकानात एक ट्यूब आणि एक पंखा, म्हणजे सगळे मिळून शंभर-सव्वाशे वॅट. तेवढ्यासाठी त्याच्या चार-पाच पट ताकदीचं इंजिन तासन् तास पळणार. आता गणित बघा. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट विजेइतकी ऊर्जा असते. चांगल्या मोठ्या जनरेटरमधून त्यातली तीन, फार तर साडेतीन युनिटं वीज होऊन बाहेर येतात. बाकीची उष्णता होऊन उडून जाते. आणि ही छोटी, अर्धी रिकामी पळणारी जनरेटरं तर लिटरभर पेट्रोलमधून एखाद-दोन युनिटंच काढतात. बैलगाडीला हत्ती जुंपायचा आणि तिच्यात एक पेंढी ठेवायची, असला प्रकार. दुकानदाराच्या दुकानात उजेड, आणि वरच्या मजल्यावर दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीच्या खोलीत धूर. आता बॅटरीवरचे इन्व्हर्टर आले, वीजही पूर्वीपेक्षा बरी राहते, त्यामुळं बाजार जरा शांत झालाय.

पण लग्नाची वरात निघाली की ते जनरेटर अजूनही गाड्यावर बसून येतंच. वरातीत डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेतलेल्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. एकीच्या झुंबरापासून दुसरीच्या झुंबरापर्यंत वायर, आणि शेवटची वायर मागच्या जनरेटरला. म्हणजे त्यांना ओळ सोडून बाजूला होता येत नाही. नवरदेव घोड्यावर, पाहुणे नाचतायत, आणि जनरेटरच्या सगळ्यात जवळ कोण? तर डोक्यावर ओझं घेतलेली बाई. पुढच्या वेळी वरातीत गेलात की तेवढं बघून या.

आता धुराचं यंत्र. पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढले की गल्लीत धुराचं यंत्र येतं. ते आलं की गल्लीतली पोरं त्या धुरामागं पळत सुटतात. ढगात शिरल्याची मजा वाटते, हे कबूल. पण तो ढग कशाचा असतो माहीत आहे? डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये कीटकनाशक मिसळून, तापवून केलेला तो धूर असतो. नाकातोंडात घ्यायची ती वस्तू नव्हे.

या यंत्राच्या आवाजाची गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. हातात धरायच्या, लांब नळीच्या बऱ्याच यंत्रांत दट्ट्या नसतो, चाक नसतं, काहीच फिरत नसतं. नळीच्या एका टोकाला पेट्रोलचे लहान लहान स्फोट होतात, एका सेकंदात कितीतरी वेळा, आणि गरम हवा दुसऱ्या टोकानं धडधडत बाहेर पडते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, जर्मनीनं लंडनवर व्ही-१ नावाचे उडते बॉम्ब सोडले. त्यांचं इंजिन याच तत्त्वावर चालायचं. म्हणजे डासांसाठी आपल्या गल्लीत उडत्या बॉम्बचा धाकटा भाऊ फिरत असतो!

बरं, त्यानं काम किती होतं? धुरानं मरतो तो त्या वेळी हवेत उडणारा डास. डेंग्यूचा डास बहुतेक वेळ घरात, पडद्यामागं, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत बसून असतो. यंत्राचा आवाज आला की आपण काय करतो? दारं-खिडक्या लावून घेतो. म्हणजे डास आत, धूर बाहेर. आणि त्याची अंडी-अळ्या? त्या असतात स्वच्छ साठवलेल्या पाण्यात. रांजणात, हौदात, कूलरच्या तळाशी, गच्चीवर पडलेल्या टायरात. धूर त्यांच्या केसालाही धक्का लावत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून तर आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून पुसून ठेवा, असं आरोग्य खातं सांगत असतं. त्याला ना पेट्रोल लागतं, ना आवाज होतो. पण गंमत अशी, की काही आवाज झाला नाही तर लोकांना काही काम झालं असं वाटतच नाही. यंत्र आलं, गल्ली दणाणली, धूर झाला, की सगळे समाधानानं म्हणतात, 'चला, फवारणी झाली.' साथ जोरात असेल तेव्हा धुराचाही थोडा उपयोग होतो, नाही असं नाही. पण रांजण न पालथा करता नुसता धूर मारत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणं.

आता थोडं लांब जाऊ, थेट अमेरिकेत. माझा एक आतेभाऊ तिकडं असतो. आमच्या इथं संध्याकाळ झाली की त्याच्याकडं सकाळ होते, म्हणून शनिवारी संध्याकाळी आमचं फोनवर बोलणं होतं. पानगळीच्या दिवसांत त्याच्यामागून एकसारखं घर्रर्र ऐकू येतं. मी विचारलं, 'काय रे, घराशेजारी गिरणी आहे काय?' तर म्हणाला, 'गिरणी कसली दादा, पानं उडवतायत!' पाठीवर पेट्रोलचं इंजिन, हातात मोठी नळी, तिच्यातून वाऱ्याचा झोत. झाडाची पडलेली पानं अंगणाच्या या कडेची त्या कडेला. मला आधी पटेचना. आमच्याकडं हे काम खराट्यानं होतं, आणि खराट्याला दोरी ओढावी लागत नाही. आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही हे यंत्र दिसायला लागलंय.

या पानं उडवणाऱ्या यंत्राचा एक हिशेब मी वाचला, तो तुम्हांला सांगतोच. अमेरिकेत मोटारींच्या परीक्षा घेणारी एडमंड्स नावाची एक संस्था आहे. तिनं २०११ साली एका बाजूला पानं उडवायचं ५० सीसीचं यंत्र ठेवलं, आणि दुसऱ्या बाजूला ६,२०० सीसीचा एक भलादांडगा फोर्ड ट्रक. दोघांच्या धुरात न जळलेलं इंधन किती, ते मोजलं. निकाल असा लागला, की यंत्रानं अर्धा तास पानं उडवून जेवढं न जळलेलं इंधन हवेत सोडलं, तेवढं सोडायला त्या ट्रकला ३,८८७ मैल धावावं लागलं असतं. म्हणजे सव्वासहा हजार किलोमीटर! आपल्या शेजारच्या आदिलाबाद-निर्मलवरून जो मोठा महामार्ग जातो ना, श्रीनगर ते कन्याकुमारी, तो साधारण चार हजार किलोमीटरचा. त्याच्या दीडपट, आणि तेही अर्ध्या तासाच्या पानांसाठी. सगळ्या प्रकारच्या धुराचा हा हिशेब नाही बरं का, फक्त न जळलेल्या इंधनाचा. पण तेवढाही पुरे आहे.

असं का व्हावं? त्याचं कारण या इंजिनाच्या पोटात आहे. याला म्हणतात टू-स्ट्रोक इंजिन. नळकांड्यात दट्ट्या एकदा वर गेला आणि एकदा खाली आला, की एक काम पूर्ण. मोटारीच्या इंजिनात दट्ट्याला दोनदा वर-खाली जावं लागतं. तिथं जुना धूर बाहेर घालवायला एक स्वतंत्र फेरी असते, आणि धूर गेल्यावर दार बंद होतं. टू-स्ट्रोकला एवढी सवड नाही. धूर जायचं दार आणि ताजं पेट्रोल यायचं दार काही काळ एकाच वेळी उघडी असतात. ताजं पेट्रोल आत येतं, जुन्या धुराला ढकलतं, आणि त्यातलं काही धुराबरोबरच बाहेर निसटतं. जणू एसटीत पुढच्या दारानं चढलेले थोडे प्रवासी गर्दीच्या रेट्यानं मागच्या दारानं परत खाली! जुन्या पद्धतीच्या यंत्रांत पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त इंधन असं न जळताच जातं. त्यात आणखी एक. या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते, म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. तेही जळतं, अर्धवटच, आणि निळसर धूर होतो. घरातल्या मोठ्यांना विचारा. लुना नाहीतर जुनी स्कूटर असेल तर पेट्रोल पंपावर 'ऑइल टाकून द्या' म्हणावं लागायचं, ते यासाठीच.

रस्त्यावरून ही इंजिनं जवळजवळ गेली. हवेसाठी कडक नियम आले, चार फेऱ्यांच्या मोटरसायकली आल्या. पण हातातल्या नि पाठीवरच्या यंत्रांत टू-स्ट्रोक टिकून राहिलं, कारण ते हलकं, स्वस्त, आणि आडवं-तिडवं कसंही धरलं तरी चालणारं. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन इथं १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलवर पानं उडवायला बंदी आहे. कॅलिफोर्निया राज्यानं २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून असली नवी यंत्रं विकण्यावर निर्बंध आणले.

तुम्ही म्हणाल, तिकडच्या पानांशी आपल्याला काय करायचंय? थांबा. ते पाठीवरचं इंजिन आपल्याकडंही आहे. नळीतून नुसत्या वाऱ्याच्या ऐवजी औषध येतं, एवढाच फरक. कपाशीवर, सोयाबीनवर फवारा मारायचा पेट्रोलचा पंप! नव्यांपैकी काही पंपांना चार फेऱ्यांचं इंजिन असतं, पण टू-स्ट्रोकवाले अजून रानोमाळ आहेत. श्रावणात आमच्या शिवारात जा. पाखरांच्या आधी तेच ऐकू येतील.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत. सख्खे नव्हेत, पण गल्लीतल्या सगळ्यांचे मामा. फवारणीच्या हंगामात ते लोकांच्या रानात फवारा मारायला जातात. मजुरी पंपावर, म्हणजे किती टाक्या मारल्या त्यावर. इंजिन, पेट्रोल आणि भरलेली टाकी मिळून पाठीवर पंचवीस-तीस किलो होतात. तेवढं घेऊन ढेकळांतून, चिखलातून चालायचं. आणि इंजिन कुठं? तर दोन्ही खांद्यांच्या मध्ये, कानापासून जेमतेम वीतभर.

गेल्या दिवाळीत मामा किराणा दुकानात उभे होते. दुकानदारानं 'सात रुपये' म्हटलं, तर मामा हात पुढं करून उभे. त्यांना 'हात' ऐकू आलं! दुकानातले लोक हसले. मामाही हसले. पण बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आवाज समदा येतोय रे बाबा. पर समजंना गेलंय. लोक तोंडातल्या तोंडात बोलाय लागलेत बघ."

लोक तोंडातल्या तोंडात बोलत नव्हते, मित्रांनो. काय झालं होतं ते सांगतो. आपल्या कानात अगदी आत, गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात केसासारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण १५,०००. आवाजाच्या लाटेनं हे तंतू हलतात आणि मेंदूला वर्दी जाते. वाऱ्यानं गव्हाचं शेत हलावं तसं. वारा बेताचा असेल तर शेत पुन्हा उभं राहतं. वादळ रोजच आलं तर आडवं होतं, ते उठत नाही. आधी जातात त्या बारीक, उंच आवाजाच्या पेशी. आणि 'स', 'श', 'फ', 'च' ही अक्षरं नेमकी उंच आवाजाची. म्हणून 'सात'मधला 'स' गेला, आणि राहिलं त्याचं मामांच्या मेंदूनं 'हात' करून टाकलं. त्यांना आवाज येत होता, शब्द येत नव्हता. कोंबडीच्या कानातल्या अशा पेशी मेल्या तर त्या पुन्हा उगवतात, हे शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात शोधून काढलं. माणसाच्या उगवत नाहीत. कोंबडीला जे जमतं ते आपल्याला नाही!

आवाज मोजतात डेसिबेलमध्ये. ही मोजपट्टी फसवी आहे. दहा डेसिबेल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट झाली असं समजायचं. आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा दिली आहे. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारे अमेरिकेतले शास्त्रज्ञ सांगतात, की ८५ डेसिबेलमध्ये दिवसाला आठ तास ठीक, पण पुढं दर तीन डेसिबेलला वेळ निम्मा करत जा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. असं करत करत १०० डेसिबेलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. पाठीवरच्या इंजिनाचा आवाज ते घेणाऱ्याच्या कानाशी शंभराच्या आसपास जातो. मामा दिवसाला सहा-सात तास मारतात. वहीत करून बघा गणित, काय येतं ते. वस्तीसाठी नियम आहे, रानात कोण मोजायला जातो?

आणि कान तर कानच, पण नाकातोंडाचं काय? २०१७ च्या पावसाळ्यातली गोष्ट आमच्याकडचे लोक अजून विसरले नाहीत. आमच्या किनवट-माहूरला लागून यवतमाळ जिल्हा आहे. तिथं त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. कारणं एक नव्हती. त्या वर्षी कपाशी माणसाच्या छातीच्या वर वाढली होती, गुलाबी बोंडअळी आली होती, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती, तोंडाला धड फडकंही नव्हतं. पण जाणकारांनी जी कारणं सांगितली, त्यांत जोरदार फवारा मारणाऱ्या पंपांचंही नाव होतं. हातपंपाच्या थेंबापेक्षा या पंपाचा तुषार फार बारीक. जड थेंब पानावर बसतो, बारीक तुषार हवेत तरंगतो. डोक्याइतक्या उंच पिकात त्या तुषाराच्या ढगातूनच माणसाला पुढं चालावं लागतं. श्वास तर घ्यावाच लागतो, आणि पाठीवर ओझं असलं की तो जोरात घ्यावा लागतो.

"मामा, तुम्ही हा पंप सोडून हातपंप का घेत नाही?" असं मी विचारलं होतं.

ते म्हणाले, "हातपंपानं दिवसात जेवढ्या टाक्या होतेत, त्याच्या दुप्पट ह्याच्यानं. पैसे टाकीवर हायेत. मला काय हौस हाय का घुर्र घुर्र करायची?"

खरं होतं त्यांचं. पंप मालकाचा, पेट्रोल मालकाचं, पीकही मालकाचं. लवकर फवारणी झाली की मालकाचा फायदा. मामांना टाकीमागं मजुरी, आणि वर आवाज, धूर, तुषार फुकट. कानात कापूस घालतात बिचारे, पण कापसानं आवाज फारसा अडत नाही. त्यासाठी स्पंजासारखे दाबून बसवायचे बोळे मिळतात, मेडिकलमध्ये सांगितलं तर आणून देतात. मी दोन जोड दिले. मामांनी एक दिवस घातले आणि काढून ठेवले. म्हणाले, "मागून कोनी हाक मारली तर कळंना. रानात जनावर असतं." जनावर म्हणजे साप. यावर मला काही बोलता आलं नाही.

पण बॅटरीवरचे पंप आता आमच्याकडंही दुकानादुकानांत मिळतात. बारा व्होल्टची बॅटरी, छोटी मोटार, दांडा हलवायची गरज नाही. रात्री चार्जिंगला लावायचा, सकाळी घेऊन जायचा. धूर नाही, तेल मिसळणं नाही, दोरी ओढणं नाही, आणि आवाज शिवणयंत्राइतका. थेंबही त्या तुषारापेक्षा जाड पडतो. पेट्रोल पंपाएवढा झोत येत नाही, हे खरं. कपाशी उंच झाली की शेंडा गाठायला वेळ लागतो. म्हणजे दिवसाला टाक्या कमी. सगळं अडतं ते इथंच. मजुरी टाकीवर असेल, तर कमी आवाजाच्या पंपाचा तोटा मजुरानंच सोसायचा? आवाज त्याच्या कानाला आणि तो कमी करायचा तर खर्चही त्याच्याच खिशातून! मला जो राग येतो तो या हिशेबाचा. इंजिन बिचारं काय, त्याला जसं बनवलं तसं ते ओरडतं.

यंदा पेरणीच्या आधी मामा मालकाकडं गेले. बरोबर फवारणी करणारे आणखी दोघे होते. मीही मागं उभा होतो, पण बोलले तेच. त्यांनी सांगितलं, की बॅटरीचा पंप द्या आणि मजुरी टाकीवर नको, रोजानं द्या. मालक आधी हसले. मग म्हणाले, "रोजानं दिलं की तुम्ही बांधावर बसून राहाल." मामा म्हणाले, "बसलेलं दिसंल की तुम्हांला. आता इंजिन बंद असंल, हाक मारली तर ऐकूबी येईल."

एक पंप आलाय. बाकीचे तीन पेट्रोलचेच आहेत. आणि ज्याच्या पाठीवर बॅटरीचा त्याला रोजानं, बाकीच्यांना टाकीवर, असं ठरलंय. त्यामुळं तो एक पंप कोणी घ्यायचा यावरून तिघांत रोज सकाळी थोडी कुरबुर होते. सोयाबीनच्या दोन फवारण्या अशाच पार पडल्या. कपाशीची पुढच्या आठवड्यात आहे, आणि तिच्याआधी दुसरा पंप आणतो असं मालक म्हणालेत. बघू.